शाईचे डाग आणि घाईचे निष्कर्ष

शाईच्या डागात वटवाघूळ दिसले की माणूस मनाने आजारी, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात रोर्शाक चाचणीच्या पाचव्या कार्डात वटवाघूळ किंवा फुलपाखरू दिसणे हे अगदी नेहमीचे उत्तर. स्विस मनोविकारतज्ज्ञ हेर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये ही दहा कार्डे प्रसिद्ध केली, तेव्हाच त्यांचा भर ‘काय दिसले’ यापेक्षा ‘कसे दिसले’ यावर होता: डागाच्या कोणत्या भागात दिसले, आकार जुळतो का, रंगामुळे सुचले की हालचाल जाणवली म्हणून. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी ते वारले. चाचणीविषयीचे दावे मात्र वाढत गेले.

दुसरा समज जास्त घातक आहे: अनुभवी तज्ज्ञाला उत्तरातले मर्म बरोबर कळते. लोरेन आणि जीन चॅपमन या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९६७ मध्ये या विश्वासाचीच परीक्षा घेतली. त्यासाठी त्यांनी माणसाचे चित्र काढायला लावणारी चाचणी निवडली आणि विद्यार्थ्यांना अशी माणसांची चित्रे दाखवली. प्रत्येकाखाली ते काढणाऱ्याची म्हणून काही लक्षणे लिहिलेली होती. चित्र आणि लक्षण यांचा एकमेकांशी संबंध राहणार नाही, अशाच जोड्या लावल्या होत्या. तरीही संशयी माणसे डोळे ठळक काढतात, असे विद्यार्थ्यांना ‘आढळले’. आणि दवाखान्यात रोज रुग्ण पाहणारे मानसतज्ज्ञही हेच संबंध सांगत होते! पुरावा नसतानाही मनातला तर्क डोळ्यांना दिसतो. अनुभव वाढला म्हणून तो आपोआप गळून पडत नाही.

मग या चाचण्या म्हणजे निव्वळ थोतांड? तसेही नाही. रोर्शाकच्या ६५ निकषांचा मोठा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विचारांतला विस्कळीतपणा आणि वास्तवाचे भान सुटणे टिपणाऱ्या निकषांना त्यात भक्कम आधार मिळाला, तर अनेक निकषांना फारसा मिळाला नाही. त्याआधी, २००१ मध्ये, जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की त्या वेळच्या प्रमाणकांनुसार धडधाकट माणसेही आजारी ठरू शकत होती. म्हणून ‘रोर्शाक खरी की खोटी’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता निकष, कशासाठी, हे विचारायला हवे.

आपल्याकडचे हजारो तरुण अशाच धर्तीच्या चाचण्यांना सामोरे जातात ते एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळात: चित्रांवरून कथा, ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत वाक्य. तिथे आजार शोधत नाहीत, अधिकाऱ्याला लागणारे गुण पाहतात. आणि मुलाखत व गटकार्यही जोडीला असते.

मुलांच्या चित्रांबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कोपऱ्यात काढलेला लहानसा माणूस किंवा काळे रंगवलेले घर यावरून ‘मुलावर अत्याचार झाला’ किंवा ‘झाला नाही’ असे कोणीही ठरवू नये. एवढा भार पेलणारी एकही खूण संशोधनाला सापडलेली नाही. चित्रामुळे गप्प मूल बोलते होते, हा उपयोग खरा. अहवालात मात्र केवळ चित्रावरून काढलेला निष्कर्ष दिसला, तर त्याला दुसरा कोणता पुरावा आहे, हे पालकांनी आणि न्यायालयानेही स्पष्ट विचारावे.