विश्लेषण : ‘बिबट्या येईल’ सांगूनही मुले का ऐकत नाहीत?

हट्टी मूल घरोघरी असते. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वस्त्यांवर मुलाच्या ‘मी जाणारच’ला वेगळे वजन येते, कारण घराला लागून ऊस आहे आणि उसात बिबट्या. 2 नोव्हेंबर 2025 रोजी शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेडमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात 13 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. संतप्त ग्रामस्थांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला. त्यानंतर या पट्ट्यातील शाळांची वेळ सकाळी 9.30 ते दुपारी 4 करण्यात आली. शाळेची वेळ आदेशाने बदलली. सायंकाळी मित्राच्या वस्तीवर निघालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला थांबवणे मात्र घरच्यांकडेच राहिले.

हे हल्ले मुलांच्या हट्टामुळे होतात, असे अजिबात नाही. अंगणातल्या मुलांवरही हल्ले झाले आहेत. प्रश्न आहे तो टाळता येण्याजोगा धोका टाळण्याचा.

भीती का चालत नाही?

या भागात ‘जेव, नाहीतर बिबट्या येईल’ हे वाक्य मुले रांगत्या वयापासून ऐकतात. जेवले नाही तरी तो येत नाही. पंधराव्या वर्षी खऱ्या धोक्याची सूचना त्याच शब्दांत दिली, की मुलाला ती जुनीच धमकी वाटते. त्यात शेतीपंपाला रात्रीची लाइट असली, की वडील अंधारात मोटार चालू करायला जातात; कधी बॅटरी धरायला त्यालाच सोबत नेतात. मग ‘पप्पा जातात, मी का नको?’ हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला तरी बिनबुडाचा नसतो. ‘मोठ्यांना उलट बोलू नको’ हे त्याचे उत्तर नव्हे. जावे का लागते, कोण सोबत असते, काय काळजी घेतली जाते, हे सांगावे लागते. आणि मुलाला सोबत नेणे थांबवावे लागते.

भांडण वाढते कसे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरातील अशा झटापटींचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांची मांडणी साधी आहे. आई म्हणते, ‘बाहेर जाऊ नको.’ मुलगा वाद घालतो, दार आपटतो. आई थकून म्हणते, ‘जा, मर तिकडे!’ वाद घातला की सुटका होते, हे मुलगा शिकतो. दुसऱ्या दिवशी वडील ओरडतात आणि तो थांबतो. ओरडल्याशिवाय हा ऐकत नाही, हे वडील शिकतात. दोघांचाही आवाज रोज थोडा चढत जातो. मारण्याचेही तसेच. त्या संध्याकाळी मूल थांबते, पण पुढच्या वेळी न सांगता मागच्या दाराने जाते. बिबट्याच्या भागात न सांगता जाणे जास्त धोक्याचे.

मग करायचे काय?

आधी नियम कमी करा. केस, कपडे, मोबाइल, अभ्यास, सगळ्यावर दिवसभर टोकणाऱ्या घरात महत्त्वाचा नियमही त्याच गोंगाटात हरवतो. ‘दिवेलागणीनंतर एकट्याने बाहेर नाही’ हा एकच नियम न बदलणारा ठेवा. बाकी ठिकाणी थोडी ढील चालते.

हे बोलणे मूल चप्पल घालत असताना नव्हे, सगळे शांत असताना करायचे. नियम पालकांचा, तो पाळायचा कसा, यात मुलाला निवड द्यायची. क्रिकेट किती वाजता थांबवायचे, परतताना कोणासोबत यायचे, की मित्रालाच मुक्कामाला बोलवायचे, हे त्याने ठरवावे.

ऐन वेळी जवळ जाऊन, नाव घेऊन, एकदाच सांगा. ‘थांबतोस का जरा?’ असे विचारले तर ‘नाही’ हे उत्तर येणारच. वेळेवर आला, तर ‘बरे झाले आलास’ एवढे जरूर म्हणा. पालक नेमके हेच विसरतात. नियम मोडला, तर आधी ठरलेली छोटी शिक्षा, उदाहरणार्थ दुसऱ्या दिवशी सायंकाळी मोबाइल नाही. महिनाभराची शिक्षा घोषित करू नका. तिसऱ्या दिवशी आजीच मोबाइल परत देते! त्यामुळे आजी-आजोबांनाही आधीच विश्वासात घेतलेले बरे. सुरुवातीचे काही दिवस हट्ट उलट वाढू शकतो. तेव्हाच माघार घेतली, तर पुढच्या वेळी वाद आणखी लांबतो.

डॉक्टरांकडे कधी?

वयात येताना वाद घालणे स्वाभाविक आहे. पण चिडचिड, सूड घेण्याची वृत्ती, मुद्दाम विरोध हे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले आणि शाळा-घर दोन्हीकडे त्रास होऊ लागला, तर तज्ज्ञांना दाखवावे. जवळच्या कोणाचा हल्ल्यात मृत्यू झाल्यानंतर मूल अचानक आक्रमक झाले असेल, झोपत नसेल, तर सहा महिने थांबू नये. ते दुःख किंवा भीतीही असू शकते. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते. बिबट्या दिसल्यास वन विभागाचा क्रमांक 1926. तो घरातल्या मुलांच्या मोबाइलमध्येही असावा.