आपल्या मुखातील बिऱ्हाडकरू

हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक नावाचे एक कापडाचे व्यापारी होऊन गेले. भिंगे घासून सूक्ष्मदर्शक यंत्रे तयार करण्याचा त्यांना मोठा नाद होता. इ. स. १६८३ मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांच्या फटीतील पांढरट कीटण काढून, ते पाण्यात कालवून भिंगाखाली धरले, तेव्हा त्यात अगणित चिमुकले जीव वळवळत असलेले त्यांस दिसले. वास्तविक हे गृहस्थ दररोज सकाळी मिठाने दात घासून चूळ भरीत असत. मुख अस्वच्छ असल्याचा दोष त्यांना देता आला नसता. आपल्या साऱ्या देशात जितकी माणसे आहेत त्यांहून अधिक जीव आपल्या एकट्याच्या मुखात राहतात, असे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. हा अंदाजही पुष्कळच तोकडा होता. चमचाभर लाळेत कोट्यवधी जंतू असतात आणि मानवी मुखात आजवर त्यांच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत.

'जंतू' हा शब्द कानी पडताच आपल्या मनात रोगाची भीती उभी राहते. परंतु निरोगी माणसाच्या मुखातील जंतूंची गोष्ट इतकी सरळ नाही, हे दाखविणारा एक प्रसंग १८८० साली अमेरिकेत घडला.

अमेरिकन सैन्यातील डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग हे त्या वर्षी न्यू ऑर्लिन्स शहरात हिवतापाचे कारण शोधीत होते. दलदलीच्या चिखलातील एक जंतू हा ताप आणतो असा तेव्हा काही विद्वानांचा समज होता (तो पुढे खोटा ठरला), आणि तो पडताळून पाहण्यासाठी ते सशांना निरनिराळे द्रव टोचीत असत. त्यातच त्यांनी काही सशांना स्वतःची लाळ टोचली. डॉक्टरसाहेब स्वतः ठणठणीत होते. ससे मात्र दोन दिवसांच्या आत मरून पडले, आणि त्यांच्या रक्तात जोडीजोडीने राहणारे वाटोळे जंतू सापडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने दगावलेल्या एका बालकाची लाळ सशांना टोचली. तेथेही तोच प्रकार घडला. प्रथम त्यांना वाटले की, आपणांस त्या भयंकर रोगाचाच जंतू गवसला. पण इतर माणसांच्या, अगदी निरोगी माणसांच्याही लाळेत तोच जंतू निघाला. पुढे चार-सहा वर्षांतच सिद्ध झाले की, न्युमोनियाने आजारी पडलेल्या माणसांच्या फुफ्फुसांत बहुधा हाच जंतू असतो. त्याला आज न्युमोकॉकस म्हणतात.

माणसाचा प्राण घेणारा जंतू धडधाकट माणसाच्या घशात कसा काय नांदतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शरीराच्या रचनेत आहे. न्युमोकॉकसचे खरे घर म्हणजे नाकाच्या मागची, पडजिभेच्या वरची पोकळी. तेथे तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने राहतो आणि मग निघून जातो. यजमानाला त्याचा पत्ताही लागत नाही. गरीब देशांत झालेल्या अनेक पाहण्यांत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या नाकात तो आढळला आहे. प्रौढांत त्याचे प्रमाण बरेच कमी असते. मुख व घसा यांतील ओलाव्याचे थेंब झोपेत आपल्या सर्वांच्याच श्वासनलिकेत उतरत असतात. पूर्वी वैद्यकाची पुस्तके सांगत की निरोगी फुफ्फुस पूर्णपणे निर्जंतुक असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील सूक्ष्म तपासण्यांनी ते मत मागे पडले आहे. निरोगी फुफ्फुसातही थोडे जंतू सापडतात, आणि ते बहुतेक मुखातूनच आलेले असतात. पण श्वासनलिकेच्या अस्तरावर असंख्य बारीक केस आहेत. ते अहोरात्र हलत राहून चिकट स्रावासह हा केर वर लोटतात. आपण तो गिळून टाकतो किंवा खोकून बाहेर काढतो. उरलेल्यांचा समाचार रक्तातील पांढऱ्या पेशी घेतात.

ही व्यवस्था मोडली म्हणजे मात्र घात होतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी 'मानमोडी' म्हणून ज्या साथीच्या कथा सांगितल्या, ती १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ होय. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या काळी जपून ठेवलेले फुफ्फुसांचे नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा असे दिसले की बहुतेक मृत्यू नुसत्या इन्फ्लुएन्झाने झाले नव्हते. तापाने श्वासनलिकेचे अस्तर सोलवटले, आणि नाकाघशात मुकाट्याने राहणारे जंतू त्या वाटेने खाली उतरले. गोवर, विडी-सिगारेटचा धूर, कोंडलेल्या स्वयंपाकघरातील चुलीचा धूर यांनीही हीच वाट मोकळी होते.

मग हे सारे बिऱ्हाडकरू एकदाचे हाकलूनच का देऊ नयेत? असा विचार मनात येणे साहजिक आहे. पण तो हिताचा नाही. मुखातील बहुसंख्य जंतू निरुपद्रवी, आणि कित्येक तर उपकारक आहेत. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते तान्ह्या बाळाच्या मुखात वस्तीस येतात आणि जागा अडवून धरल्यामुळे परक्या रोगजंतूंस सहजी शिरकाव होऊ देत नाहीत. पालक, मुळा, बीट यांसारख्या भाज्यांत नायट्रेट नावाचा क्षार असतो. जिभेच्या मागील भागावरील जंतू त्याचे असे रूपांतर करतात की, त्यापासून पुढे शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो व रक्ताचा दाब आटोक्यात राहण्यास मदत होते. हे काम आपल्या शरीरास स्वबळावर फारसे साधत नाही.

साध्या सर्दीसाठी दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून खाण्याची जी सवय खेडोपाडी पसरली आहे, तिचा दोष येथे ध्यानात यावा. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि त्यांवर या गोळ्यांचा काहीही परिणाम होत नाही. मरतात ते घशातील गरीब रहिवासी. शिवाय न्युमोकॉकसच्या अंगी एक विलक्षण विद्या आहे. शेजारी मेलेल्या जंतूंची आनुवंशिक द्रव्ये तो उचलून आपलीशी करतो. (याच विद्येचा माग काढताना न्यूयॉर्क येथे ॲव्हरी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९४४ साली डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याचे दाखवून दिले.) पेनिसिलिनला दाद न देण्याची युक्ती न्युमोकॉकसने मुखातील सौम्य स्वभावाच्या जंतूंकडूनच उसनी घेतली आहे. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी घशात आज जे जंतू चिवट बनतात, त्यांची विद्या उद्या घरातल्याच बालकाच्या न्युमोनियात उपयोगी पडते, अर्थात रोगाच्या.

या जंतूभोवती साखरेच्या जातीच्या पदार्थाचे एक कवच असते आणि त्या कवचांचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. लस त्यांतील प्रमुख प्रकारांविरुद्ध काम करते. भारत सरकारने ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने देण्यास आरंभ केला आणि २०२१ मध्ये ती देशभर लागू केली. बाळ दीड महिन्याचे, साडेतीन महिन्यांचे व नऊ महिन्यांचे झाले म्हणजे ती विनामूल्य टोचतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० साली या रोगावरील स्वदेशी लस तयार करून खर्चही हलका केला. या लसीचा एक गुण ध्यानी ठेवण्याजोगा आहे. तिच्यामुळे बालकाच्या नाकात त्या प्रकारांचे जंतू वस्ती करीत नाहीत. अमेरिकेत २००० साली मुलांना लस देणे सुरू झाल्यावर, जे वृद्ध कधीच टोचून घेण्यास गेले नव्हते त्यांच्यातही हा रोग कमी झाला. नातवंडाला टोचले आणि आजोबा वाचले, असाच हा प्रकार!

तरीही लस सर्व जंतूंना आवरीत नाही. म्हणून मातांनी श्वास मोजावयास शिकावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर ते न्युमोनियाचे लक्षण समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कित्येक खेड्यांत यास 'डबा' म्हणतात व पोटावर डाग देतात. त्या डागाने फुफ्फुसातील एकही जंतू मरत नाही. मोलाचा वेळ तेवढा जातो.

घरातील अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांना गिळताना ठसका लागतो, खोकण्याचे बळ उरत नाही, आणि मुखातील कीटण लाळेबरोबर थेट फुफ्फुसात उतरते. 'आता दातच नाहीत, तर घासावयाचे काय?' असे म्हणून आपण त्यांच्या मुखाकडे दुर्लक्ष करतो. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक प्रयोग करण्यात आला व त्याचा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या वृद्धांचे दात, हिरड्या व कवळ्या परिचारिकांनी प्रत्येक जेवणानंतर ब्रशाने स्वच्छ केल्या. बाकीच्यांचा नित्यक्रम पूर्वीसारखाच ठेवला. त्या बाकीच्यांपैकी शंभरांत १९ जणांना न्युमोनिया झाला. ज्यांचे मुख स्वच्छ केले जाई त्यांच्यात हे प्रमाण ११ होते. ज्यांना दात मुळीच नव्हते, अशा वृद्धांनाही त्याचा लाभ झाला. त्यासाठी लागले ते एक मऊ ब्रश आणि जेवणानंतरची पाच मिनिटे. हे करताना आजारी माणसास आडवे ठेवू नये. पाठीशी उशी देऊन बसते करावे.