विजेवरची मोटार : आधी हिशेब, मग खरेदी

पेट्रोलचा खर्च अंगावर येऊ लागल्यापासून आपल्या व्यापारी बांधवांत विजेवर चालणाऱ्या मोटारीची चर्चा वाढली आहे. ती परवडेल का, याचे उत्तर जाहिरातीत नाही, आपल्याच वहीत आहे. उदाहरणादाखल टाटांची टियागो ईव्ही ही पाच आसनांची छोटी गाडी पाहू.

सप्टेंबर २०२२ मध्ये ही गाडी आली तेव्हा २४ युनिटच्या बॅटरीवर ३१५ आणि १९.२ युनिटच्या बॅटरीवर २५० किलोमीटर चालेल, असा दावा होता. हे आकडे चाचणीतले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तसे ते रस्त्यावर आटतात. घाट, एसी, वेग आणि भरलेली गाडी लक्षात घेता मोठ्या बॅटरीवर १८० ते २०० किलोमीटरच धरावेत. भिवंडी ते मालेगाव अंतर अडीचशेच्या आसपास आहे, म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग आलेच. जलद चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला सुमारे तास लागतो. तेवढ्यात नमाज आणि जेवण होते. उतारावर वेग आवरताना थोडी वीज बॅटरीत परत जाते, ही या गाडीची खुबी.

घरी १५ अँपिअरच्या प्लगवर मोठी बॅटरी भरायला साधारण नऊ तास, म्हणजे एक रात्र लागते. अर्थिंग पक्के हवे. घर तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी गल्लीत असेल, तर वायर लोंबकळत सोडणे धोक्याचे आहे. यंत्रमागाच्या सवलतीच्या मीटरवरही गाडी लावू नये. ती सवलत मागासाठी आहे. हा अमानतीचा प्रश्न आहे.

आता हिशेब. गळती धरून २७ युनिट, दर १० रुपये, म्हणजे २७० रुपयांत १८० किलोमीटर. किलोमीटरला दीड रुपया पडला. पेट्रोल १०० रुपये आणि लिटरला १६ किलोमीटर धरले, तर सव्वासहा रुपये पडतात. महिना १००० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला ५७ हजार वाचतात. ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग धरली, तर फरक सव्वापाच वर्षांत निघतो. महिना ३०० किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र साडेसतरा वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी आहे ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर.

तेव्हा रोजची फेरी असेल, स्वतःचा प्लग असेल आणि रक्कम हाताशी असेल, त्याने अवश्य घ्यावी. पण पेट्रोल वाचवण्यासाठी व्याजाचा हप्ता गळ्यात घालून घेणे, यात ना किफायत आहे ना बरकत. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणे हा तर निव्वळ इसराफ. एक महिना आपले किलोमीटर वहीत मांडा आणि मगच शोरूमची पायरी चढा.