‘कार्टूनच तर आहे’ असं म्हणू नका

वस्तीत घरभेटीला गेलो की आम्हाला नेहमी दिसतं : आई स्वयंपाकात, मूल मोबाईलवर कार्टून बघतंय. पण प्रत्येक कार्टून लहानग्यांसाठी नसतं. ‘द लायन किंग’ (१९९४) मध्ये छाव्याचा बाप मरतो आणि काका त्या छाव्यालाच दोष देतो. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) मध्ये सुरुवातीलाच आई जाते.

५ वर्षांखालच्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही, हे नीट उमगत नाही. वाईट घडलं ते आपल्यामुळेच, असंही त्याला वाटू शकतं. ज्या घरात नुकताच बाप गेला, तिथं असं दृश्य मुलाच्या मनात घर करतं. मग ते रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, आईला सोडत नाही. त्याला रागावू नका, हसू नका. काही आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

असे सिनेमे ६-७ वर्षांपर्यंत टाळा. पुढे सोबत बसून बघा, मधे थांबवून मुलाला काय वाटलं ते विचारा.

घरातल्या मृत्यूबद्दल मुलानं विचारलं तर ‘झोपलेत’ सांगू नका. मूल झोपेलाच घाबरतं. जवळ घेऊन खरं सांगा : “बाबा वारले, ते परत येणार नाहीत. यात तुझी काहीच चूक नाही.”