84 वरचा उंचवटा

सकाळी 6. ओतूरच्या स्टँडवरून पुण्याची एस.टी. पकडली. पिशवीत डबा आणि काचेची एक कुपी. कुपीत कांद्याच्या सालीतून काढलेल्या सेल्युलोजची पांढरी भुकटी. ओतूरच्या कांदा बाजारात सालींना काय तोटा!

10. पाषाण, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. झिर्कोनियाचा 4 मिलिमीटरचा रोटर, म्हणजे नमुना फिरवायची नळी, भरायला घेतला. चिमूटभर टाकायची, दाबायची, पुन्हा टाकायची. एका अंगाला जास्त बसली, तर रोटर डगमगतो आणि सगळं उपसून पहिल्यापासून.

11. कोन. द्रवात रेणू सतत गिरक्या घेतात, म्हणून एनएमआरची (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदाची) रेषा आपसूक बारीक येते. भुकटीचा कण न् कण मात्र वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला, प्रत्येकाची वारंवारता निराळी, म्हणून रेषा पसरते. त्यावर अँड्र्यू आणि लो यांनी 1958-59च्या सुमारास उपाय काढला: नमुना चुंबकक्षेत्राशी 54.74 अंशांत कलता ठेवून गरगर फिरवायचा. कोन पोटॅशियम ब्रोमाइडवर जुळवला, क्षेत्राचा सारखेपणा ॲडमँटेनवर. ॲडमँटेनची रेषा बारीक आली, आता यंत्राकडे बोट दाखवायची सोय उरली नाही.

12.30. सेकंदाला 10,000 फेऱ्या. एवढ्यानेही हायड्रोजनांची लुडबुड थांबत नाही; ती रेडिओ स्पंदांनी मोडावी लागते. त्यासाठीची एक स्पंदमालिका 2006मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पी. के. मधू यांनी सहकाऱ्यांसोबत सुधारली.

2. जेवण. संकेत देणारा कार्बन-13 निसर्गात जेमतेम 1.1 टक्का, संकेत साठेपर्यंत थांबणं आलंच.

4. वर्णपट. सेल्युलोजच्या साखळीतल्या चौथ्या कार्बनची 89 पीपीएमची रेषा टोकदार, शेजारी 84वर पसरट उंचवटा.

“मॅडम, मोठ्या चुंबकावर लावून बघू या का?” यंत्र चालवणाऱ्या मुलाने विचारलं.

उपयोग नाही. 89ची रेषा स्फटिकात रांगेने बसलेल्या साखळ्यांची. 84ची पृष्ठभागावरच्या आणि विस्कळीत साखळ्यांची. तिथे प्रत्येक कार्बनचा शेजार थोडा वेगळा. क्षेत्र दुप्पट केलं, तर हर्ट्झमधली ही रुंदीही दुप्पट होते, पीपीएममध्ये आहे तेवढीच राहते. व्हँडरहार्ट, अर्ल आणि गॅरोवे यांनी 1981मध्येच घन पदार्थांत रेषा कशाकशाने रुंदावते याचा हिशेब मांडला होता. त्यातली काही कारणं नमुन्याच्या अंगचीच. मला तर हा उंचवटाच हवा होता: दोन्हींखालच्या क्षेत्रफळांवरून स्फटिकाचा वाटा काढता येतो.

5. भुकटी परत कुपीत. उद्या कॉलेजात थोडी आम्लात उकळायची. विस्कळीत भाग आधी विरघळतो, म्हणजे उंचवटा उतरायला हवा. पुरता जाणार नाही. पृष्ठभागावरच्या साखळ्या राहतातच.