भुत्याचा डिंक आणि हृदयाची वीज

पोरांनो, आपल्या छातीत वीज आहे, ठाऊक आहे ना? हृदयाचा एकेक ठोका तीच पाडते. कातडीपर्यंत येता येता मात्र ती जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. एवढीशी वीज पकडायची कशी? हॉलंडच्या आइंटहोवेननं भलतीच शक्कल लढवली. रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून त्याला बसवायचं! १९२४ मध्ये नोबेल मिळालं गड्याला.

मीठ कशाला? शरीरातली वीज सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडच्या आयनांवर स्वार होते, तारेतली इलेक्ट्रॉनांवर. वर्धा नदीच्या काठी होडीतला माल उतरवून बैलगाडीत भरावा, तशी ही अदलाबदल इलेक्ट्रोडवरच्या चांदीच्या क्षारापाशी होते. होडीला पाणी तर हवंच! म्हणून सेवाग्रामचं रुग्णालय असो की सावंगीचं, ईसीजी म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याआधी छातीला ते गार, बुळबुळीत जेल चोपडतात. पण आपल्याकडचा मे महिना! तासन्‌तास पट्टी ठेवायची म्हटलं की एकीकडे जेल वाळतं, दुसरीकडे घामानं पट्टी सुटते.

म्हणून पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ हवा, म्हणजेच हायड्रोजेल. भिजलेला सब्जा हे घरचं हायड्रोजेल. विदर्भाच्या पानझडी जंगलातलं पाहायचं तर भुत्याचा डिंक, ज्याला बाजारात कराया गोंद म्हणतात. भुत्या म्हणजे पांढरंफटक झाड, कागदासारखी सुटणारी साल. डिंकाचा खडा नाकाशी धरा, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पाण्यात तो धड विरघळत नाही, नुसता फुगत जातो. बहुतेक जंतूंना तो सहजी पचत नाही. या डिंकात ग्लिसरीन आणि मीठ घालून ईसीजीच्या चिकटपट्ट्या बनल्या, हे मला तरी कारखान्यातल्या कुठल्याही शोधापेक्षा जास्त आवडतं.

आता डॉक्टरांना दिवसचे दिवस अंगावर राहणारी पट्टी हवी आहे, जखम भरताना तिच्यावर नजर ठेवणारी. पण ओलं, ऊबदार जेल म्हणजे जंतूंची चंगळच की! म्हणून शास्त्रज्ञ त्यात कोळंबीच्या कवचापासून बनवलेलं कायटोसान घालतात. त्याचा भार धन, जंतूच्या आवरणाचा ऋण. ते जंतूला चिकटून त्याचं आवरणच फाडतं. कुणी चांदीचे अतिसूक्ष्म कण घालतं, तर वीज जास्त वाहावी म्हणून कुणी वीजवाहक प्लास्टिक. खरी मेख इथंच आहे. चांदी जास्त झाली तर आपल्याच पेशी मरतात, प्लास्टिक जास्त झालं तर जेल कडक होतं. जंतू मारणं, वीज वाहणं आणि अंगाला मऊ, निर्धोक राहणं हे तिन्ही गुण एकाच वेळी साधणं अजून अवघडच आहे.

आणि हो, डिंकासाठी खोल घाव घातले की भुत्या वाळून मरतो. जंगलात दिसला तर सालीला चाकू लावू नका. त्याची लाल, लवदार फळंही हाताळू नका, त्यांचे केस टोचतात.