तोंडाचा कर्करोग: विषाणूचे भय आणि गुडाखूची डबी

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, हा लैंगिक संबंधांतून पसरणारा अत्यंत सामान्य विषाणू आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत असून त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. काहींमुळे चामखीळ येते, आणि मोजकेच, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार, कर्करोगाला कारण ठरतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. हाच विषाणू घशाच्या कर्करोगालाही कारणीभूत असतो, हे त्याच सुमारास अमेरिकेतल्या अभ्यासांतून पक्के झाले, आणि तिथून एक नवी धास्ती सुरू झाली. कधीकाळी मुखमैथुन झाले होते, आता तोंडाचा कॅन्सर होणार का, हा प्रश्न अनेक तरुणांच्या मनात घर करून बसतो. तो घरी विचारता येत नाही, डॉक्टरांपुढेही जीभ अडखळते. मग मोबाइलच्या उजेडात आरशापुढे घसा तपासणे सुरू होते. जिभेच्या मुळाशी आठ-दहा गोल उंचवटे ओळीने दिसतात आणि झोप उडते. हे उंचवटे चवीचे असतात आणि प्रत्येकाच्या जिभेवर असतात.

या भीतीतला पहिला घोळ जागेचा आहे. ओठ, गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळूचा कडक भाग आणि जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग मिळून तोंड होते. टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि मऊ टाळू हा त्यामागचा घशाचा भाग. एचपीव्हीचा कर्करोग मुख्यतः या मागच्या भागात होतो. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात आणि त्यांच्या तळाशी आवरण फार विरळ असते, त्यामुळे विषाणूला आतल्या पेशींपर्यंत पोचणे सोपे जाते. तिथे तो टिकून राहिला, तर त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशींच्या बेफाम वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात.

मात्र ‘टिकून राहिला तर’ हीच मोठी अट आहे. अमेरिकेतल्या एका पाहणीत १४ ते ६९ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के लोकांच्या तोंडात एचपीव्हीचा कोणता तरी प्रकार सापडला. धोकादायक १६ क्रमांकाचा प्रकार केवळ १ टक्का लोकांत होता. तोही बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्यांच्या शरीरात तो राहतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारणपणे दहा ते तीस वर्षे लागतात. अमेरिकेत घशाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या विषाणूमुळे होतात, तरी तिथल्या पुरुषाला आयुष्यभरात घशाचा कर्करोग होण्याची शक्यता हजारी चारपेक्षा कमीच आहे. एकाच प्रसंगाच्या आठवणीने वर्षभर झुरणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

भारतातले चित्र याहून वेगळे आहे. इथे २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे, आणि पुरुषांत हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. गालफडात आणि हिरडीत होणाऱ्या या कर्करोगात एचपीव्हीचा वाटा नेमका किती, याबद्दल भारतीय अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तपासणीची पद्धत बदलली की उत्तर बदलते. तंबाखू आणि सुपारीच्या तुलनेत तो लहान आहे, यावर मात्र फारसा वाद नाही.

ही तुलना भिलाईत जितकी लख्ख दिसते, तितकी क्वचितच कुठे दिसेल. पोलाद कारखान्यामुळे देशभरातून आलेल्या लोकांचे हे शहर; विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही इथे स्थिरावली आहेत. पण शहर छत्तीसगडमध्ये आहे आणि छत्तीसगडची सकाळ गुडाखूने होते. तंबाखूची भुकटी, गुळाची मळी, चुना आणि गेरू यांची ही काळपट, ओलसर लुकदी किराणा दुकानात छोट्या डबीत मिळते. बोटावर घेऊन ती दात-हिरड्यांवर घासायची आणि थुंकत बराच वेळ बसून राहायचे. पोट साफ होते, दातदुखी थांबते, अशी समजूत असल्याने तिला व्यसन म्हणायलाच लोक तयार नसतात. सिगारेट न ओढणाऱ्या, पानटपरीवर कधी न थांबणाऱ्या बायका दिवसातून तीन-चार वेळा गुडाखू करतात. महाराष्ट्रातल्या मशेरीची ही सख्खी बहीण. विदर्भातून येणाऱ्यांबरोबर खर्राही असतोच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधल्या ३९.१ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय असल्याचे दिसले, त्यांतही बहुतेकांना धूरविरहित तंबाखूची. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते.

सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवली आहे. तिच्यामुळे गालाच्या आतले अस्तर कडक होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांच्या मधून आत जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायलाच हवे. मोबाइलच्या उजेडात घसा बघण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी उपयोगाची.

विषाणूच्या धास्तीपोटी लोक तपासण्यांच्या मागे लागतात. तोंडातल्या एचपीव्हीसाठी निरोगी माणसाने करून घ्यावी अशी कोणतीही मान्य चाळणी तपासणी आज नाही. खासगी प्रयोगशाळेत लाळ तपासून विषाणू सापडला, तरी त्यावर औषध नाही आणि कर्करोग होईल असेही त्यातून कळत नाही. पदरी पडते ती काळजीच. एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून एचपीव्ही नाही, असेही म्हणता येत नाही. एकाच ताटात जेवल्याने किंवा ग्लास वापरल्याने हा कर्करोग पसरतो, या समजुतीला आधार नाही.

याहून वाईट म्हणजे संशय. नवऱ्याच्या घशाच्या गाठीच्या अहवालात ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असे शब्द आले, की घरात भांडण उभे राहते. संसर्ग लग्नाआधीचा, वीस-तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. तो कोणाकडून आणि कधी आला हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. अशा रुग्णांच्या जोडीदारांची अमेरिकेत तपासणी केली, तेव्हा त्यांच्या तोंडातला धोकादायक विषाणू सर्वसामान्य लोकांइतकाच निघाला. शिवाय विषाणूमुळे झालेला घशाचा कर्करोग तंबाखूमुळे झालेल्या कर्करोगापेक्षा उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर एचपीव्हीचे ८२ टक्के रुग्ण हयात होते, इतरांपैकी ५७ टक्के.

प्रतिबंधासाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘सर्वाव्हॅक’ २०२३ मध्ये बाजारात आली. भारतात तिचा विचार प्रामुख्याने मुलींच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होतो. मात्र कोस्टा रिकात अशाच एका लसीने तोंडातला १६ आणि १८ प्रकारांचा संसर्गही मोठ्या प्रमाणात रोखल्याचे दिसले आहे. लैंगिक संबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात, ती सर्वाधिक कामाची. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही.

खरोखर काळजी करावी अशी लक्षणे ठरावीक आहेत. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा होणे, गिळताना अडणे, एकाच कानात ठणका, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम. यांतले काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर डॉक्टरांकडून तपासणी हवीच. तंबाखू आणि दारूची सवय असणाऱ्यांनी चट्टा दिसण्याची वाटही पाहू नये. केरळमध्ये आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने नुसते तोंड पाहण्याने अशा लोकांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. भिलाईकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही: सेक्टर ९ चे रुग्णालय गावातच आहे, दंत महाविद्यालये जवळ आहेत, आणि पुढच्या उपचारांसाठी रायपूरला एम्स आहे. गुडाखू, खर्रा किंवा गुटखा सोडायचा असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.